राहिलेली कंदुरी

मी परभणीत एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो: आधुनिक समाजात धर्माचे बदलते स्थान स्पष्ट करा. पोरं गाईडमधलं उत्तर उतरवतात. शिक्षण वाढलं, यंत्रं आली, दवाखाने झाले, त्यामुळं धर्माचा पगडा कमी झाला आणि धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब बनली. मी मार्क देते, कारण मलाही कुणीतरी असंच शिकवलं होतं. पण अलीकडं ते उत्तर वाचताना मला माझ्या मायचे पाय दिसतात आणि हातातला लाल पेन भिंतीवर फेकावासा वाटतो. मी तापट आहे. घरात आणि स्टाफरूममध्ये हे सगळ्यांनी कधीच मान्य करून टाकलंय.

आमचं गाव बोरीपासून आत. परभणीहून जिंतूरच्या एसटीनं बोरीला उतरायचं आणि पुढं भरेल त्या जीपनं जायचं. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. वडील होते तोवर कळप होता. ते गेल्यावर मेंढरं विकली गेली, थोड्या शेळ्या उरल्या आणि सोयाबीन पिकवण्याइतकी जमीन. घरात माय, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. मी परभणीत नोकरीला, पण जीव सगळा त्या घरात.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊ आजारी पडला. परभणीच्या एका दवाखान्यात मी त्याला दाखल केलं. त्याला ऑक्सिजन लावला होता, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना भिंतीकडं बघायचे. गावाहून कुणाला येता येत नव्हतं. माय फोनवर एकच विचारायची, "बोलायलाय का गं त्यो?" मी हो म्हणायचे. तो बोलत नव्हता.

त्या दिवसांत सगळे देव कुलपात होते. माय आधी खंडोबाला गेली, तिथं कुलूप. मारुतीच्या दाराला साखळी. मग ती गावाबाहेरच्या पिराकडं गेली, कारण पिराला दारच नव्हतं. एक लिंबाचं झाड, गुडघ्याएवढी दगडी भिंत आणि चुना लावलेली कबर, एवढाच आमचा पीर. तिथली झाडलोट करणारा, ऊद जाळणारा म्हातारा मुजावर भिंतीला टेकून बसला होता. मायनं चपला बाहेर काढल्या, आत जाऊन कबरीपुढं पदर पसरला आणि म्हणाली, "बाबा, माझं लेकरू मला परत दे. बोकड देते, कंदुरी करते, गाव जेवू घालते. तवर पायात काय घालनार न्हाई." मग ती उठली आणि चपला तिथंच सोडून अनवाणी घरी आली. मुजावर त्या बोलाचा साक्षीदार होता. त्यानं मान हलवली आणि एवढंच म्हणाला, "देगा, बेहेन. देगा."

भाऊ वाचला. डॉक्टरांनाही नवल वाटलं, हे त्यांनीच मला सांगितलं. मी मायला फोन केला तर ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. मी सांगून आले होते." जणू बाजारात निरोप ठेवून आली होती.

ज्यांनी कंदुरी पाहिली नाही त्यांना ती सांगायला हवी. नवस फिटला की पिरापुढं बोकड न्यायचा. मुजावर फातेहा म्हणतो, बोकड तोच कापतो. भाकरी कुस्करून गूळ घातलेला मलीदा कबरीपुढं ठेवतात. मग दगडांच्या चुलींवर मोठी पातेली चढतात, गडी माणसं रस्सा करतात, बाया भाकऱ्या थापतात, आणि सगळं गाव लिंबाखाली जेवतं. जे शिजलं ते तिथंच संपवायचं, घरी न्यायचं नाही. गावात माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, मांसाला शिवत नसत. त्यांच्यासाठी वरणभाताचं एक पातेलं पलीकडच्या चुलीवर वेगळं चढायचं, त्याला पळीही वेगळी. ते यायचे, आपला वरणभात जेवायचे, पिराला हात जोडायचे आणि भजन म्हणत घरी जायचे. त्यांच्या माळेला त्यानं काही झालं नाही.

सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही. गावकुसाबाहेरच्या लोकांची ओळ शेवटी बसायची आणि तोवर रस्सा पातळ झालेला असायचा, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पण कंदुरीचं आवतण नाकारता येत नसे. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून डोकी फोडलेली माणसं समोरासमोर बसून एकाच पातेल्यातलं जेवायची आणि निदान पुढच्या पेरणीपर्यंत गप राहायची. धर्म समाजाला बांधून ठेवतो, असं मी वर्गात शिकवते तेव्हा माझ्यापुढं दुसरं काही नसतं, त्या पातेल्याची वाफ असते.

लगेच कंदुरी करता आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जमावाला बंदी होती. मायनं एक काळं करडू निवडलं, त्याच्या गळ्यात हिरवी चिंधी बांधली आणि ते पिराच्या नावानं सोडलं. असा बोकड गावचा असतो. तो कुणाच्याही ओट्यावर जातो, कुणाच्याही वावरात तोंड घालतो, त्याला कुणी मारत नाही आणि विकत तर नाहीच नाही. बंदी उठली की कंदुरी, असं ठरलं. माय अनवाणी फिरत होती, पण आनंदात होती. "वैशाखात करू," म्हणायची.

भाऊ अशक्त होऊन घरी पडून होता. बसून बसून त्याला मोबाईलचा नाद लागला, आणि मोबाईलवर एका महाराजांची कीर्तनं. बंदी उठल्यावर गावात पहिल्यांदा मोठा सप्ताह झाला. तसे सप्ताह पूर्वीही व्हायचे, पण गावातलीच माणसं पेटी-मृदंग घेऊन बसायची. आता मांडव आला, भोंगे आले, कॅमेरा आला, बाहेरचे महाराज चारचाकीतून आले. महाराजांनी भावाला पुढं बोलावून गावाला सांगितलं, की हा पोरगा वाचला तो नामामुळं वाचला. भावानं तिथंच माळ घातली. त्याची दारू सुटली, गुटखा सुटला. आधी बायकोवर हात उचलायचा, ते थांबलं. रोज सकाळी आंघोळ करून मायच्या पायांवर डोकं ठेवू लागला. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

माय तर हरखून गेली. गावभर सांगत सुटली, "पोरगं माळकरी झालं, लय बरं झालं." तिच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. कंदुरीला हा पलीकडच्या पातेल्यातला वरणभात खाईल, हात जोडेल, झालं. आयुष्यात तिनं एवढीच चूक केली. तिला वाटलं, ही तीच माळ.

वैशाखात तिनं विषय काढला तेव्हा मी घरीच होते. भाऊ शांतपणे म्हणाला, "माय, कंदुरी व्हायची न्हाई."

"का रं?"

"पीर आपला न्हाई."

माय हसली. तिला ती चेष्टा वाटली. मग तिनं त्याचं तोंड नीट पाहिलं. म्हणाली, "तुझ्यासाठी पदर पसरला तवा आपलाच होता की त्यो."

"तुला तवा कळलं न्हाई. आता कळायलंय न्हवं? आपल्याला आपले देव कमी हायत का?" मग तो माझ्याकडं वळला. "आक्का, तू तर शिकलेली. तूच सांग हिला."

मी सांगितलं, पण हिला नाही, त्याला. म्हणाले, वडिलांनी तुझं जावळ कुठं काढलं होतं? त्याच लिंबाखाली. तू लहानपणी मलीद्यासाठी मुजावराच्या पोराशी भांडायचास, ते दोघांचं ताट एकच होतं म्हणून. आज अचानक हे दुसऱ्याचं झालं कसं? त्यानं सगळं ऐकून घेतलं. माळ घेतल्यापासून तो आवाज चढवत नाही. मला ते आणखीच झोंबतं. भांडणाऱ्या माणसाला वळवता येतं, हा नुसता डोळे मिटून हसतो. शेवटी म्हणाला, "आक्का, तुझी ती पुस्तकं हायत. हितं गुरूचा शब्द हाय."

घरचा कर्ता तयार नाही म्हटल्यावर माय म्हणाली, मी माझ्या हातानं करते. मी तिला घेऊन मुजावराच्या घरी गेले. म्हातारा खाटेवर पडून होता. हात थरथरत होते. त्याचा पोरगा, माझ्या भावाच्या वर्गात शिकलेला, काही वर्षं शहरात राहून परत आला होता. त्यानं बोरीला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलं होतं. दाढी राखली होती, कपडे स्वच्छ, बोलणं अदबीचं. खुर्ची दिली, पाणी दिलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

मायनं सांगितलं, बोकड तयार आहे, दिवस तुम्ही सांगा.

तो खाली बघत म्हणाला, "मावशी, नाराज होऊ नका. आमी आता ते करत न्हाई. कबरीला काय मागनं आमच्यात गुनाह हाय. मागायचं फक्त अल्लाला. अब्बाला हे म्हाईतच नव्हतं. वाडवडील करायले म्हनून करायले."

"मग पीर?"

"पीर आमचा न्हाई, मावशी. ते सगळं तुमच्याकडून आलं."

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. दोन घरं, दोन पोरं, एका बाकावर बसलेली, एका ताटात जेवलेली. आणि दोघांचं उत्तर एकच: पीर आमचा नाही. असं कधी माझ्या एखाद्या पुस्तकात वाचलं असतं तर मी खाली रेघ मारली असती. तिथं मी हातातला पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला.

माय खाटेकडं वळली. "दादा, तुमी नुसते येऊन बसा. फातेहा म्हना. कापायला मी दुसरा कुनी बघते."

म्हाताऱ्यानं पोराकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं. "क्या करूं, बेहेन," म्हणाला, "मेरे हात में अब कुछ नहीं." आणि डोळ्यांवर टॉवेल ओढला.

पोरगा आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. तिथं मात्र त्याचा आवाज बदलला. हळू म्हणाला, "ताई, खरं सांगू का? अब्बाचं मन राखायला मी बसलोबी असतो. पन बोकड कापताना तुमच्याच गावचं पोरगं व्हिडिओ काढंल, आन् काय लिहून पुढं पाठवंल ते सांगता येत न्हाई. माझं दुकान हाय. लेकरं हायत." त्याच्या धर्मापेक्षा मला हे जास्त पटलं, आणि पटल्यामुळंच माझं डोकं फिरलं.

माय वाटभर माझ्यापुढं अनवाणी चालत राहिली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू हेच शिकवतीस न्हवं कॉलेजात? मग सांग. मी बोललेलं आता कोन उतरवून घ्यायचं?"

माझ्याकडं नुसत्या संकल्पना होत्या. सीमा आखणं, शुद्धीकरण, ओळख. त्यातली एकही तिच्या काटे रुतलेल्या टाचेखाली सरकवता येण्याजोगी नव्हती.

मीही हात-पाय मारले. सरपंचाला भेटले, पोलीस पाटलाला भेटले. म्हटलं, खर्च माझा, स्वयंपाक माझा, बोरीहून कापणारा मी आणते, म्हातारी बाई आहे, तिचा नवस आहे. विरोध कुणीच केला नाही. सगळे म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पन आत्ता नको, वातावरन बरोबर न्हाई." ज्या माणसाच्या घरच्या कंदुरीत मी लहानपणी वाढलं होतं त्यानंही कानाला हात लावले. पुढं त्या जागेवरून दोन्हीकडच्या पोरांनी अर्ज केले. एकांना तिथं काही होऊ द्यायचं नव्हतं, दुसऱ्यांना तिथं इतर कुणी येऊ द्यायचं नव्हतं. शेवटी तिथं लोखंडी जाळी आली आणि जाळीच्या दाराला कुलूप. आता पिरालाही दार झालं.

बोकड तोवर हुदाड, दांडगा झाला होता. शिंगं वळलेली, उग्र वास, कुणाच्या बापाला न भिणारा. एकेकाळी अशा बोकडाला बाया हातानं भाकरी चारायच्या. आता पोरं दगड मारायची. एकदा तो डोळ्यावर मार खाऊन आला. मायनं हळद लावली आणि तेव्हापासून त्याला दावणीला बांधून ठेवलं. देवाचा बोकड बांधला तेव्हाच मला कळायला हवं होतं, की तिनंही आशा सोडत आणली आहे.

एका बाजारच्या दिवशी माय भावजयीबरोबर वावरात गेली असताना भावानं बोकड बोरीच्या बाजारात नेऊन विकला. गळ्यात हिरवी चिंधी असती तर कुठल्याही व्यापाऱ्यानं हात लावला नसता, म्हणून आधी ती कापली. माय घरी आली तेव्हा खुंटीजवळ चिंधी पडलेली होती. तिनं ती उचलली, धूळ झटकली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

मला भावजयीनं फोनवर सांगितलं. मी पुढच्या गाडीनं गेले आणि भावाला अंगणात गाठलं. तो म्हणाला, "आक्का, हत्या माझ्या हातानं झाली न्हाई."

"मग काय व्यापाऱ्यानं त्याला शाळेत घातला का रे?"

त्यानं रिकाम्या दावणीकडं पाहिलं. मग म्हणाला, "त्याचा सगळा पैसा मी यंदाच्या सप्त्याच्या पंगतीला दिला. माय काय बोलली होती? गाव जेवू घालते. आता गाव जेवंल. तिचा नवस बी फिटंल, आन् पाप बी व्हायचं न्हाई." हे तो मनापासून म्हणत होता. त्यानं रात्रंदिवस विचार करून काढलेली वाट होती ती, आणि ती मला दाखवताना त्याच्या डोळ्यांत शाबासकीची अपेक्षा होती. त्याला कुठं चावावं तेच मला कळेना.

सप्ताहाच्या पंगतीला माय गेली. नाही म्हणाली असती तर लोकांत पोराची मान खाली गेली असती. मी तिच्याबरोबर होते. दुपारची वेळ, मांडवाखाली पंगती बसल्या होत्या, पुरी, भाजी, बुंदी. भाऊ स्वतः वाढत होता. त्यानं मायच्या पत्रावळीवर बुंदी घातली आणि वाकून म्हणाला, "बघ माय, आख्खं गाव जेवायलंय."

मायनं मान उचलली. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं. मग पलीकडची ओळ, मग त्याच्या पलीकडची. भोंग्यावर अभंग चालला होता, म्हणून तिला थोडं मोठ्यानं बोलावं लागलं. "मुजावराचं घर कुठं बसलंय रं?"

भाऊ पुढच्या पत्रावळीकडं सरकला. मायनं बुंदीला हात लावला नाही. उठताना पायाला मांडवाचा खिळा लागला आणि जमिनीवर रक्ताचा ठिपका पडला. तिनं तो दुसऱ्या पायानं मातीत पुसला.

मायला साखर होती. ती जखम भरली नाही. काळ्या रानातली माती, बाभळीचे काटे, उन्हाळ्यात तापलेली डांबरी. मी तिला परभणीला आणलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण ह्यांनी जमिनीवर उघडा पाय टाकायचा नाही. मी बाहेर पडल्या पडल्या एका दुकानात शिरले आणि मऊ तळव्याची, रुंद पट्ट्याची चप्पल घेतली. दुकानदारानं मायचा पाय पुढं घ्यायला सांगितलं तर तिनं तो पातळाखाली ओढून घेतला. माप मी अंदाजानं सांगितलं. चप्पल पिशवीतच राहिली आणि पुढं तशीच गावच्या घरी माळ्यावर गेली.

मी चिडले, रडले, तिला वेडी म्हणाले. "अगं, पीर जाळीत, बोकड बाजारात, मुजावर खाटेवर. घ्यायला कुणी उरलं नाही आणि तू कुणासाठी धरून बसलीस?"

ती म्हणाली, "घ्यायला कोनी न्हाई म्हनून दिलेला शबूद माघारी घेता येतो का?"

गावी परतल्यावर भाऊच तिची जखम धुवायचा. कोमट पाणी, कडुलिंबाचा पाला, पट्टी. मी त्याला तसं बसलेलं पाहिलंय, तिचा पाय मांडीवर घेऊन. सकाळी त्याच पायावर डोकं ठेवायचा. एकदा पट्टी बांधताना त्याचा बांध फुटला. म्हणाला, "माय, घाल की गं चप्पल. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

मायनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला. "तुला लागू न्हाई म्हनूनच घालीना की मी, बाबा."

तो उंबऱ्याकडं बघत बसला. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, जातो मुजावराकडं, पाया पडतो त्याच्या पोराच्या, कुलूप काढायला लावतो, एक बोकड आणतो, मी पलीकडं वरणभात खातो. एवढंच म्हणायचं होतं. त्याचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला आणि तिथंच थांबला. मग त्यानं पाण्याचं पातेलं उचललं आणि बाहेर गेला.

पुढं पाय काळा पडत गेला. कापावा लागेल म्हणाले, तोवर विष वर चढलं होतं. पावसाळा सरत होता, सोयाबीन काढायला आलं होतं, तेव्हा माय गेली. शेवटच्या दिवशी शुद्धीत होती. पदराची गाठ चाचपून तिनं मला ती चिंधी काढायला लावली आणि मुठीत धरली. तिच्याबरोबर ती जळाली. भावानं ती मूठ पाहिली आणि तशीच राहू दिली.

मुजावराचा पोरगा मातीला आला होता. मागं उभा राहिला, मडकं फुटल्यावर हळूच निघून गेला. म्हाताऱ्याला सांगितलंच नव्हतं म्हणे. सांगून काय करणार होता तो.

तेराव्याला भावानं परभणीहून गुरुजी आणले. आमच्यात पूर्वी हे नव्हतं. घरातलाच कुणी म्हातारा चार शब्द बोलायचा, भावकी जेवायची, संपलं. आता सगळं रीतीनं व्हायला हवं होतं. गुरुजी पाटावर बसले, सामान मांडलं. दानात तांब्या होता, काठी होती, छत्री होती. त्यांनी नजर फिरवली आणि विचारलं, "पादत्राणं कुठं आहेत?"

"ती कशाला?" भावजय म्हणाली.

"अहो, पुढची वाट तापलेली असते, काट्याकुट्याची असते. गेलेल्या जीवाचे पाय पोळू नयेत म्हणून चप्पल द्यावी लागते."

भाऊ उठला. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. आत्ता बोरीला जाऊन घेऊन येतो म्हणाला. दारापर्यंत गेला, थांबला आणि मागं वळून त्यानं मला विचारलं, "आक्का, मायच्या पायाचं माप काय?"

मी आत गेले. माळ्यावरची पिशवी काढली आणि ती चप्पल आणून त्याच्या हातात दिली. तळवे कोरे होते. आतल्या बाजूला मापाचा स्टिकर तसाच चिकटलेला होता. त्यानं चप्पल उलटी केली, सुलटी केली. मग उंबऱ्यावर बसला आणि त्या चपलेत तोंड घालून हमसून हमसून रडला. मला त्याची दया आली आणि त्याला लाथ घालावीशीही वाटली. मी जागची हलले नाही.

गुरुजींना पुढं आणखी एका घरी जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. भाऊ डोळे पुसून पाटाजवळ आला. चप्पल ठेवता ठेवता त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ती परत उचलली, नखानं स्टिकर खरवडून काढला, तळवा स्वतःच्या उपरण्यानं पुसला आणि मग दान म्हणून पुढं केली. गुरुजींनी ती पिशवीत टाकली.